सुनीतीकाकूंच्या एकतीस नोटा

एलिंगफर्ड हे गाव तुम्हाला माहीत असण्याचं काही कारण नाही. केंब्रिजहून ट्रेनने पस्तीस मिनिटं, तीही ट्रेन कॅन्सल झाली नाही तर. एक नदी, एक चर्च, मंगळवारचा बाजार, हाय स्ट्रीटवर केस कापायची चार दुकानं आणि गावाबाहेर बीटपासून साखर करणारा कारखाना. मी इथे राहतो, कारण केंब्रिजमध्ये घर घ्यायची माझी ऐपत नव्हती. लंडनच्या हॅरोतले मित्र मला अजून विचारतात, "काय रे उदय, तिकडे कोथिंबीर तरी मिळते का?" मिळते. गुरुवारी.

याच हाय स्ट्रीटवर एक बँक होती आणि तिच्या दोन नंबरच्या काउंटरवर सुनीती टिपणीस नावाच्या बाई छत्तीस वर्षं बसल्या. गावातले गोरे त्यांना 'सुनी' म्हणत. मी सुनीतीकाकू म्हणतो. त्यांच्याविषयी लिहायला बसलो, कारण गेल्या दिवाळीत माझ्या हौसेपायी त्यांची एक वस्तू गेली. ती परत मिळवायला मी काहीही करू शकलो नाही आणि काकू त्याबद्दल मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

काकू मूळच्या सांगलीच्या. लग्नाआधी तिथल्या एका सहकारी बँकेत दोन वर्षं कॅशवर होत्या. नवरा, म्हणजे अतुलकाका, साखर कारखान्यात केमिस्ट. सत्त्याऐंशी साली काकांना इथल्या बीटच्या कारखान्यात नोकरी लागली आणि दोघं आले. दोन वर्षांनी काकू बँकेत लागल्या. मुलाखतीत तेव्हाच्या मॅनेजरने त्यांच्यापुढे नोटांचं एक बंडल टाकलं आणि मोजा म्हणाला. इथली माणसं नोटा टेबलावर एकेक मांडत मोजतात, पत्ते वाटावेत तशा. काकूंनी सांगलीच्या सवयीने बंडल मधोमध दुमडलं, डाव्या हातात धरलं आणि उजव्या अंगठ्याने फर्रकन मोजून खाली ठेवलं. वर सांगितलं, एक कमी आहे. मॅनेजरने स्वतः मोजलं. एक कमीच होती. तो म्हणाला, "पुन्हा एकदा करून दाखवा, मला तुमचा अंगठा बघायचाय."

या शाखेवर आता ज्या मोठ्या बँकेची पाटी होती तिचं नाव मी घेत नाही. तिने गिळण्याआधी ती गावाचीच बँक होती, 'प्रायर अँड टक'. प्रायर धान्याचा व्यापारी, टक बिअरला लागणाऱ्या माल्टचा. दोघांनी सव्वादोनशे वर्षांपूर्वी ही बँक काढली आणि स्वतःच्या नोटा छापल्या. तेव्हा गावोगावच्या बँका अशा नोटा काढत. पातळ कागद, एकाच बाजूला काळी छपाई, वर गावच्या पुलाचं चित्र, मागची बाजू कोरी. नंबर आणि सही हाताने. त्यातली एकच नोट आज शिल्लक आहे, पाच पौंडांची. ती बँकेच्या भिंतीवर काचेत लावलेली होती आणि तिची काच दर शुक्रवारी पुसायचं काम काकूंनी आपणहून स्वतःकडे घेतलं होतं.

शाळेची मुलं बँक बघायला आली की काकू त्यांना त्या नोटेपाशी नेत. मीसुद्धा ती गोष्ट तीनदा ऐकली आहे. अठराशे पंचवीसच्या डिसेंबरात लंडनच्या बँका धडाधड बुडाल्या. एलिंगफर्डचे लोक घाबरले आणि प्रायर अँड टकच्या दारात रांग लागली. आमच्या नोटा घ्या, सोनं द्या. टकसाहेबाने बँकेच्या दालनातली शेकोटी पेटवायला सांगितली, का तर थंडीत लोक उभे आहेत. आणि जो जो येईल त्याला सोनं मोजून दिलं आणि त्याची नोट सगळ्यांच्या देखत त्याच शेकोटीत टाकली. पाच दिवस हे चाललं. सहाव्या दिवशी गावातल्या दुकानदारांनी पुलावर कागद चिकटवला की आम्ही प्रायर अँड टकच्या नोटा पूर्वीसारख्याच घेऊ. रांग मोडली, बँक वाचली.

"मग ही नोट कशी उरली?" असं काकू मुलांना विचारत. मुलं काहीबाही सांगत. चोराने नेली असेल, उडून गेली असेल. मग काकू सांगत की ती एका बाईने आपल्या बायबलच्या पुठ्ठ्यात ठेवली होती. नोटेच्या कोऱ्या बाजूला 'हॅना' एवढंच लिहिलंय. एकोणीसशे एक्कावन्न साली नदीकाठच्या एका घराची दुरुस्ती करताना ती सापडली. "नोटेवर काय छापलंय वाचा. धारकाने मागितल्यास पाच पौंड देऊ. हॅना रांगेत आलीच नाही. तिने मागितलं नाही, म्हणून तिची नोट उरली. ज्यांनी मागितलं त्यांना सगळे पैसे मिळाले, पण त्यांच्या नोटा या इथे जळल्या." आणि त्या कोपऱ्यातल्या बंद पडलेल्या शेकोटीकडे बोट दाखवत. शेकोटीपुढे हल्ली मॉर्गेजच्या माहितीपत्रकांचा स्टँड होता.

आता काकूंच्या स्वतःच्या नोटांकडे येतो.

सांगलीच्या बँकेत लक्ष्मीपूजनाला कॅशच्या ड्रॉवरची पूजा व्हायची. हार, पेढे, सगळं. इथल्या बँकेतल्या पहिल्या दिवाळीला काकूंना चैन पडेना. मग त्यांनी सकाळी शाखा उघडायच्या आधी आपल्या ड्रॉवरवर चार अक्षता टाकल्या, स्वतःच्या पर्समधली वीस पौंडांची जुनी नोट बँकेला देऊन एक नवी कोरी घेतली आणि ती संध्याकाळी घरी नेली. घरी देवघरात लक्ष्मीपुढे ती ठेवली. अतुलकाकांनी तिला उजव्या हाताच्या अनामिकेने कुंकू लावलं. कुंकूही काका घरीच करायचे, हळद, लिंबू आणि टाकणखार घालून. केमिस्टच ते. दुकानातल्या कुंकवात काय भेसळ असते यावर ते अर्धा तास बोलू शकत. असं घरचं कुंकू कागदावर बसलं की निघत नसे. काकांचा हात सढळ, त्यामुळे नोटेवर नुसता ठिपका नाही, बोटाचा ठसा उठायचा, रेघारेघांसकट. कोपऱ्यात ते पेन्सिलीने साल लिहीत. पूजेतली नोट खर्चायची नसते, म्हणून ती बिस्किटांच्या एका डब्यात जायची.

असं एकोणनव्वद ते दोन हजार एकोणीस, एकतीस वर्षं. एकतीस नोटा. मधे नोटांवरची चित्रं बदलली, आकार बदलला, पण कागद कागदच राहिला. वीसच्या जानेवारीत काका गेले. फेब्रुवारीत वीस पौंडांची प्लास्टिकची नोट आली. त्या दिवाळीला काकूंनी एकटीने पूजा केली, प्लास्टिकच्या नोटेला कुंकू लावलं आणि सकाळी बघतात तर कुंकू खाली सांडलेलं, नोट स्वच्छ. पुढच्या वर्षीपासून त्या एकोणीस सालचीच नोट पुन्हा पूजेत ठेवू लागल्या.

हे मला त्यांनी स्वतः सांगितलं. डबा उघडून दाखवलाही. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, मला वाटलं फोटो-बिटो असतील. एकेक नोट उजेडाकडे धरून काकू म्हणाल्या, "कपडे दिले, चष्मा दिला. फोटोंत तो कायम कुठेतरी दुसरीकडेच बघतोय. हे मात्र त्याचंच बोट आहे बघ. एकतीस वेळा." मी चहा घेतला.

बावीस सालच्या सप्टेंबरात कागदी नोटा बंद झाल्या. त्याआधी वर्षभर काकूंनी अख्ख्या गावाच्या मागे धोशा लावला होता. गादीखाली बघा, जुन्या कोटाचे खिसे बघा, आजीच्या टीपॉटमध्ये बघा, आणा आणि बदलून घ्या. शेवटच्या आठवड्यात एका शेतकऱ्याने रबरी बुटांतून चार हजार काढून दिले. काकूंचा मुलगा वरद लंडनला कन्सल्टन्सीत आहे. त्याने फोनवर विचारलं, "आई, तुझा ते डबा पण दे ना बँकेत. नंतर एवढं फॉर्म भरायला लागेल." वरदचं मराठी हे असं आहे, पण मन सोन्यासारखं आहे. काकू म्हणाल्या, "ते पैसे नाहीत रे, ती पूजेतली लक्ष्मी आहे." ज्या बाईने गावातली शेवटची कागदी नोट शोधून बदलायला लावली, तिने स्वतःच्या एकतीस नोटा देवघराखालच्या कपाटात तशाच ठेवल्या.

आणखी एक प्रसंग इथेच सांगायला हवा. मंगळवारच्या बाजारात लोणची विकणारा बॅरी नावाचा एक जाड्या आहे. काही वर्षांपूर्वी त्याने भरायला आणलेल्या सात-आठ नोटा लालभडक होत्या. बँकांत लाल नोटेला फार भितात. कॅशची पेटी चोरताना फोडली की आतली शाई फुटते आणि नोटा लाल होतात, म्हणजे लाल नोट ही चोरीची असू शकते. नियम असा की ती घ्यायची नाही, परत द्यायची नाही, पाकिटात सील करायची आणि तपासणीला पाठवायची. बॅरी ओरडला, "बीटरूट आहे, सुनी! लोणच्यातलं! वास घेऊन बघ!" काकूंनी वास घेतला. व्हिनेगरचा वास आला. तरीही त्यांनी नोटा सील केल्या, फॉर्म भरला आणि बॅरीला पावती दिली. सहा आठवड्यांनी त्याचे पैसे खात्यात आले. नव्या पोरींना शिकवताना काकू हाच दाखला देत. आपल्याला खात्री आहे म्हणून नियम बदलत नाही.

तर गेल्या वर्षी शाखा बंद होणार असं पत्र आलं. नोव्हेंबरअखेर. आधी आठवड्याचे तीनच दिवस उघडी असायची, आता तेही नाही. गावात खळबळ. मीही तावातावाने पिटिशनवर सही केली. फोनवरून. सही करताना लक्षात आलं की आपण या शाखेत गेल्या चार वर्षांत फक्त दोनदा गेलो, आणि दोन्ही वेळा पाऊस होता म्हणून. वर माझी नोकरी अशी की बँकांना लागणारे ऑनलाइन फॉर्म आणि स्क्रीन आमची केंब्रिजची कंपनी बनवते. म्हणजे पिटिशनवर सही करणारा आणि शाखेच्या मुळावर उठलेला माणूस एकच. अशा माणसाला हळहळायचा कितपत हक्क आहे ते मला माहीत नाही, पण मी हळहळलो.

आणि हळहळीच्या भरात मला एक कल्पना सुचली. आमच्या केंब्रिजच्या मंडळाचा दिवाळी अंक निघतो. त्यात काकूंवर लेख लिहावा. शाखेतली शेवटची दिवाळी, शेवटचं लक्ष्मीपूजन आणि काउंटरवर मांडलेल्या त्या एकतीस नोटांचा फोटो. मागे भिंतीवर हॅनाची नोट. मला तो फोटो डोळ्यांपुढे दिसायलाच लागला.

काकू म्हणाल्या, "अरे, स्वतःचे पैसे काउंटरच्या आत न्यायचे नसतात. पहिला नियम आहे तो."

"दर दिवाळीला तुम्ही पर्समधली नोट नेताच की!"

"ती एक नोट. बदलून घ्यायची. आणि ते मॅनेजर बघून न बघितल्यासारखं करायचे म्हणून."

"आताही करतील. महिनाभराने दुकानच बंद होतंय, काकू. दोन मिनिटांचं काम. काकांच्या नोटा छत्तीस वर्षांत एकदा तरी तुमच्या काउंटरवर बसू देत."

हे शेवटचं वाक्य मी बोललो नसतो तर बरं झालं असतं. ते ऐकून त्यांचा चेहरा पालटला. "बघू," म्हणाल्या. मला कळलं की आणतील.

लक्ष्मीपूजन मंगळवारी होतं. साडेनऊला शाखा उघडली तेव्हा पहिलं गिऱ्हाईक मी. काकूंनी गर्द हिरवी साडी नेसली होती, वर बँकेचं जॅकेट. काचेपलीकडे, ड्रॉवरच्या बाजूला, पांढऱ्या रुमालावर एकतीस नोटा ओळीने मांडलेल्या. जुन्या, नव्या, लहान, मोठ्या, आणि प्रत्येकीवर लाल बोट. अक्षता टाकलेल्या. मॅनेजर कीथ त्याच्या खोलीत पाठ करून बसला होता, म्हणजे त्याने बघितलं नव्हतं. काकू हसत होत्या. काका गेल्यानंतर मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

मी फोन काढला. काचेवर उजेड येत होता म्हणून फ्लॅश लावला. कशाला लावला? उजेड काचेवर येतोय म्हणून कोणी आणखी उजेड पाडतं का? पण लावला.

"सर, इथे फोटो काढता येत नाहीत."

मागच्या दारातून एक बाई आत आल्या होत्या. गळ्यात ओळखपत्र, हातात लॅपटॉप. नाव गिलियन. शाखा बंद करायचं काम बघणाऱ्या विभागाच्या. कॅशची पूर्वतपासणी गुरुवारी होती, त्या दोन दिवस आधी आल्या होत्या, कारण गुरुवारी त्यांच्या मुलीचं दाताचं ऑपरेशन होतं. मी दचकून फोन खाली केला. आणि माणूस कशाचा फोटो काढत होता हे बघायला त्या स्वाभाविकपणे काउंटरमागे गेल्या.

मला वाटतं, फ्लॅश पडला नसता तर त्या सरळ कीथच्या खोलीत गेल्या असत्या.

त्यांनी नोटा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितल्या. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "सुनी, हे काय आहे?"

"माझ्या आहेत," काकू म्हणाल्या. "घरच्या. आमचा सण आहे आज."

"मला खात्री आहे तुमच्याच असतील. पण या काउंटरच्या आत आहेत. बंद झालेल्या आहेत. आणि..." त्यांनी बोट न लावता एका नोटेकडे दाखवलं, "लाल आहेत."

तोवर कीथ बाहेर आला होता. तो म्हणाला, "गिलियन, ही सुनी आहे." एवढंच. जणू ते पुरेसं होतं. गिलियन म्हणाल्या, "मला माहीत आहे, कीथ. पण मी आता बघितलंय." त्या वाईट नव्हत्या. त्यांना रागवायला मला फार आवडलं असतं, पण बाई रडवेल्या झाल्या होत्या. बंद होणाऱ्या शाखेच्या काउंटरमागे लाल डागांच्या एकतीस नोटा, तेही सांभाळून मांडलेल्या. ते न बघितल्यासारखं केलं असतं तर त्यांची नोकरी गेली असती.

मी काचेवर हात आपटून म्हणालो, "अहो, ते कुंकू आहे! धार्मिक आहे! वास घेऊन बघा!" म्हणजे बॅरीच झालो.

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मग खाली वाकून स्वतःच दुसऱ्या ड्रॉवरमधून पाकीट आणि फॉर्म काढला. तो कुठे असतो हे गिलियनला माहीत नव्हतं.

नोटा काकूंनीच मोजल्या. पण दुमडून नाही, अंगठ्याने नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना मी इथल्या पद्धतीने मोजताना बघितलं, एकेक नोट समोर ठेवत, सावकाश. एकोणीस सालची नोट शेवटी आली. ती हातात धरून त्या थांबल्या आणि गिलियनला म्हणाल्या, "ही एक ठेवून घेतली तर?" त्यांनी छत्तीस वर्षांत कोणाकडे मागितलेली ही बहुधा पहिली सवलत. गिलियननी कीथकडे बघितलं, कीथने जमिनीकडे. काकूंनी ती नोट पाकिटात टाकली आणि फॉर्मवर आकडा लिहिला, एकतीस. 'डागाचे संभाव्य कारण' या रकान्यात लिहिलं, हळद, लिंबू आणि टाकणखार. अक्षर मोत्यासारखं. सील करताना टेप वाकडी बसली. ती त्यांनी काढून पुन्हा सरळ लावली.

मग त्यांनी पुढच्या गिऱ्हाइकाला बोलावलं.

वरदचा संध्याकाळी मला फोन आला. "उदयदादा, आई कम्प्लेन का नाही करत? ती नुसता म्हणते नियम आहे. शी इज नॉट इव्हन अँग्री." मी म्हटलं आपण करू. दोघांनी मिळून बँकेच्या साइटवर तक्रारीचा फॉर्म उघडला. शेवटचा प्रश्न होता, तुम्हाला काय अपेक्षित आहे? उत्तरं तीन. रक्कम परत, स्पष्टीकरण, माफी. 'त्याच नोटा परत' असं कुठे नव्हतं. 'इतर' असंही नव्हतं. वरद म्हणाला, "असा कसा फॉर्म? हू मेक्स दीज?" 'इतर' हा पर्याय ठेवू नका, लोक तिथे निबंध लिहीत बसतात, हे मीच एकदा मीटिंगमध्ये बोललेलो आहे. या बँकेच्या मीटिंगमध्ये नव्हे, पण बोललेलो आहे.

आम्ही 'स्पष्टीकरण' निवडलं. उत्तर आलं की तक्रार पोचली, पाच दिवस थांबा. मग वीस दिवस थांबा. फोन केला तर एक मुलगा अतिशय गोड बोलला, ती पाकिटं कुठे जातात हे त्याला दिसत नव्हतं. वरदने पत्र पाठवलं, घेणाऱ्याची सही लागेल असं. सही कोणीतरी केली. मी आमच्या खासदाराला लिहिलं. त्यांच्या कार्यालयाने शाखा बंद होण्याबद्दल सहानुभूती कळवली. अशी ही मालिका. जिथे जावं तिथे माणसं सभ्य, आणि कोणाच्याच हातात काही नाही. एकाने तरी उर्मट बोलावं, म्हणजे भांडता येईल, असं मला वाटायला लागलं.

नोव्हेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी शाखा बंद झाली. लोकांनी केक आणला. बॅरीने बीटरूटच्या लोणच्याची बरणी आणली आणि काकूंच्या गळ्यात पडून रडला. मुख्य कार्यालयातून दोन माणसं पांढरे हातमोजे घालून आली, हॅनाची नोट भिंतीवरून काढली, मऊ कागदात गुंडाळली आणि त्यांच्या संग्रहात ठेवायला घेऊन गेली. काकूंनी त्याआधी तिची काच पुसून ठेवली होती. शुक्रवारच होता.

माझा फोटो मी गिलियनसमोर डिलीट केला होता, पण आमच्या धंद्यात डिलीट म्हणजे डिलीट नसतं. घरी येऊन तो काढला. काचेवर फ्लॅशचा मोठा पांढरा गोळा, त्यात माझं जॅकेट, माझा हात, फोन. खाली कोपऱ्यात रुमालाची कड आणि एका नोटेचा तुकडा. त्यावर लाल काहीतरी आहे. मी तो मोठा करून करून बघितला. रेघा दिसत नाहीत. काकूंना दाखवायचं धाडस झालं नाही आणि दिवाळी अंकाला लेखही दिला नाही.

मार्चमध्ये काकूंचा फोन आला. "उदय, जमलं तर येऊन जा. ते ॲप मला उघडत नाही." शाखा गेल्यापासून त्यांनाही ॲप घ्यावंच लागलं होतं. गेलो. टेबलावर बँकेचं पत्र होतं. एकच पान. तपासणी पूर्ण झाली. नोटा अस्सल आहेत. डाग वनस्पतीजन्य असून चोरीच्या शाईचा नाही. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. पूर्ण रक्कम आपल्या खात्यात जमा केली आहे. चलनातून काढलेल्या नोटा असल्यामुळे त्या नेहमीच्या पद्धतीनुसार नष्ट करण्यात आल्या.

पत्र मी दोनदा वाचलं. नोटा नष्ट केल्याची तारीखही त्यात दिली होती. आमचं सहीचं पत्र त्यांना पोचलं त्याच्या नऊ दिवस आधी नोटा गेल्या होत्या, म्हणजे आम्ही विनवण्या करत होतो तेव्हा विनवायला काही उरलंच नव्हतं. देवघराखालचं कपाट अर्धवट उघडं होतं. बिस्किटांचा डबा तिथेच होता. झाकण लावलेलं होतं, रिकाम्या डब्यालाही.

"काकू, माझ्यामुळे झालं," मी म्हणालो.

"ते जाऊ दे. आधी बघ आलेत का."

मी त्यांचा फोन घेतला, त्यांचा अंगठा लावायला सांगितला. तीनदा लावला तेव्हा ॲपने ओळखला. इतक्या वर्षांच्या नोटांनी त्या अंगठ्यावरच्या रेघा झिजल्या आहेत. सगळ्यात वर एक हिरवी ओळ होती. सहाशे वीस पौंड.

काकूंनी चष्मा लावून आकडा बघितला. मनातल्या मनात गुणाकार केला असावा, ओठ हलले.

"बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. "एक पेनीसुद्धा कमी नाही. चोख काम केलंय."

चहा गार होत होता. काकू त्या हिरव्या ओळीकडे बघत राहिल्या, स्क्रीन आपोआप बंद होईपर्यंत. मग फोन माझ्याकडे सरकवत त्यांनी विचारलं, आणि त्यांचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता.

"पण उदय, मी मागितले कुठे होते?"